प्रशांत महासागर आणि वाघधऱ्याची मोरी

जगात जे काही वाईट घडते त्याला कारण असते, आणि ते कारण जितके लांब असेल तितका गावात सलोखा टिकतो. कारण शेजारी सापडले तर भांडण होते. घरातच सापडले तर आठवडाभर जेवणाचे हाल होतात. म्हणून समजूतदार माणसे आधी अंतर ठरवतात आणि मग कारण शोधायला निघतात. महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण पलीकडच्या राज्यात, आदिलाबादकडच्या बेला मंडळातील मौजे वाघधरा या गावाने हे अंतर सोळा हजार किलोमीटरपर्यंत नेले (अंदाजे, मोजायला अजून कोणी गेलेले नाही). याचे सगळे श्रेय माजी सरपंच सुधाकरराव यांचे आहे. ते त्यांना हयातीतच मिळावे, म्हणून ही हकीकत लिहून ठेवत आहे.

गावाच्या मावळतीला नाला आहे. नाल्यावरून शेतांकडे जाणारा रस्ता आहे आणि रस्त्याखाली सिमेंटच्या तीन नळ्यांची मोरी आहे. नाल्याचे पाणी या नळ्यांतून पलीकडे जावे अशी मूळ योजना होती. गेली दोन वर्षे पाण्याने ही योजना मानली नव्हती. मोरी तुंबली की पाणी मागे फुगते आणि अलीकडच्या काठावर सोनाबाईचे तीन एकर काळे रान आहे, त्यात येऊन बसते. दोन वर्षे तिची कोवळी कपाशी पाण्याखाली पिवळी पडून गेली होती. सोनाबाई विधवा, एकटी, मुलगी इचोड्याला दिलेली. तिने सांगून टाकले होते की यंदाही रान बुडाले तर ते मक्त्याने देईन आणि मुलीकडे जाऊन राहीन. चाळीस वर्षे ज्या रानात कापूस वेचला ते रान दुसऱ्याने वाहताना तिला पाहायचे नव्हते.

मोरी कशाने तुंबते हे शोधण्याचे काम गावाने टाळले, असे कोणी म्हणू नये. गावाने ते मन लावून केले होते. पहिले कारण महाराष्ट्र हे निघाले. नाला वरून, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतून येतो, तेव्हा त्यात जे येते ते तिकडचेच असणार, असे सुधाकररावांनी ग्रामसभेत सिद्ध केले. परंतु वाघधऱ्यात नांदणाऱ्या बहात्तर सुनांपैकी एकेचाळीस सुना नाल्याच्या वरच्या अंगाच्या गावांतून आलेल्या आहेत. सुधाकररावांच्या पत्नी कुसुमबाई त्यांतल्याच एक. त्या दिवसापासून आठ दिवस सुधाकररावांच्या ताटात नुसते पिठले येत होते, आणि त्यात मीठ नव्हते. नवव्या दिवशी महाराष्ट्र निर्दोष सुटला.

दुसरे कारण मोरी बांधणारा ठेकेदार. तो विद्यमान सरपंच भगवानराव यांचा साडू निघाला. तिसरे कारण सरकार. पण पाणी एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्या सरकारच्या हद्दीत येत असल्याने नेमक्या कोणत्या सरकारला शिव्या द्यायच्या यावर एकमत होईना, आणि शिव्या अर्ध्यावर राहिल्या. थोडक्यात, गावात कारणांचा दुष्काळ पडला होता.

अशा अडचणीच्या काळात, एका मे महिन्यात, कृषी खात्याच्या नीलिमा मॅडम गावात आल्या. शेतकऱ्यांच्या सभांसाठी सरकारने रयतु वेदिका नावाची सभागृहे बांधली आहेत, तिथे त्यांनी व्याख्यान दिले. मॅडम इचोड्याच्या, किराणा दुकानदाराची मुलगी; बोलणे साधे आणि हिशेबी. त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि सांगितले की तिकडे, नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागर नावाचा समुद्र आहे. एरवी तिथले वारे कोमट पाणी पश्चिमेला लोटून ठेवतात. काही वर्षी ते वारे ढिले पडतात, कोमट पाणी मधोमध आणि पेरू देशाच्या बाजूला पसरते, आणि त्याच्या मागे ढग आणि पाऊसही सरकतात. याला एल निनो म्हणतात. समुद्र तिथे एखाद्या अंशाने तापला तरी जगभरच्या वाऱ्यांची घडी बदलते आणि बहुतेक वेळा आपला पावसाळा अंग चोरतो.

इथे चहा आला. चहा येताच सभागृहातील एकशे चार श्रोत्यांपैकी एकशे तीन श्रोते उठले. मॅडमचे पुढचे वाक्य असे होते: "पण हे सगळं हंगामाच्या बेरजेचं झालं. कमी पावसाच्या वर्षीही एखादा पाऊस दोन दिवसांत नाला फोडू शकतो, म्हणून आपापले नाले साफ ठेवा." हे वाक्य फक्त सोनाबाईने ऐकले, कारण तिला साखरेचा चहा चालत नाही.

सुधाकरराव कपबशी घेऊन खिडकीशी उभे होते. त्यांच्या वहीत एकच ओळ होती: "दोष समुद्राचा." ती ओळ वाचता वाचता त्यांच्या अंगावर काटा आला. सरपंचकी गेल्यापासून सहा वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. प्रशांत महासागरात वाघधऱ्याची एकही सून नाही. तो कोणाचा साडू नाही. त्याचे मत नाही, त्याला पक्ष नाही, तो ग्रामसभेला येत नाही, आणि मुख्य म्हणजे उलटून बोलत नाही. इतके सोयीचे कारण आजवर पृथ्वीवर पडून होते आणि गाव महाराष्ट्राच्या मागे लागले होते, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले.

पंधरा दिवसांत 'ग्राम महासागर समिती, मौजे वाघधरा' स्थापन झाली. अध्यक्ष सुधाकरराव, उपाध्यक्ष भगवानराव, सदस्य तीन. पाचांपैकी चौघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पाचवे, वयोवृद्ध दादाजी, रामेश्वरला जाऊन आले होते, परंतु समुद्र आला तेव्हा त्यांना बसमध्ये डोळा लागला होता. तरीही अनुभवी सदस्य म्हणून त्यांचा मान वेगळा राखण्यात आला.

पंचायतीसमोर काळा फळा लागला. त्यावर सुधाकरराव रोज सकाळी, आंघोळ करून, मोबाईलवर पाहून, खडूने लिहीत: "प्रशांत महासागर, मध्यभाग: सरासरीपेक्षा १.३ अंश जास्त. जनतेने नोंद घ्यावी." जनता नोंद घेई. थोड्याच दिवसांत तिला त्याशिवाय चहा गोड लागेना. म्हातारे काठी टेकून विचारत, "आज समुद्र कसा हाय जी?" आणि सुधाकरराव चेहरा गंभीर करून सांगत, "जरा तापूनच हाय." घरात कोणी आजारी असल्यावर बाहेरच्यांशी बोलावे, तसा त्यांचा आवाज होई.

समितीचे काम किती उपयोगी ठरले याची आकडेवारी अध्यक्षांकडे उपलब्ध आहे. गावातील भांडणे एकसष्ट टक्क्यांनी घटली (आकडा अध्यक्षांनीच काढला असल्याने अचूक आहे). पूर्वी ज्या गोष्टींवरून हातघाईवर यायची वेळ येई त्या आता समुद्राच्या खाती जाऊ लागल्या. पंचायतीच्या नळाला पाणी न येणे, बेल्याची बस न थांबणे, बियाण्याची पाकिटे उशिरा मिळणे आणि अंगणवाडीचा पंखा ही त्यांतली ठळक उदाहरणे. भगवानरावांनी तर घरपट्टीच्या यादीतला गोंधळही एल निनोकडे वर्ग केला. विमलबाईच्या म्हशीने ऐन उन्हाळ्यात दूध चोरले तेव्हा पूर्वी त्यांनी शेजारच्या चंपाबाईच्या नजरेला दोष दिला असता. यंदा दोघी जणी सोबत फळा वाचायला आल्या आणि सोबत घरी गेल्या. सामाजिक सलोखा म्हणतात तो हाच.

या सलोख्यात पहिला खडा सोनाबाईने टाकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने पंचायतीत दरखास्त दिली. दरखास्त दोन ओळींची होती: नाल्यात पऱ्हाट्या पडल्या आहेत, पाऊस आला की त्या मोरीत जाऊन बसतात, तरी त्या आधी काढाव्यात.

इथे पऱ्हाट्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. कापूस वेचून झाला की रानात जी वाळकी झाडे उरतात त्या पऱ्हाट्या. उन्हाळ्यात त्या चिमट्याने उपटायच्या आणि मोळ्या बांधायच्या. मोळी बांधायला वाघधऱ्यात दोरी वापरत नाहीत. घरातल्या जुन्या साडीच्या चिंध्या फाडतात आणि त्याने बांधतात, कारण पूर्वी सगळ्यांच्या मोळ्या गावाबाहेर एकाच ठिकाणी रचल्या जात आणि कोणाची मोळी कोणी नेऊ नये म्हणून चिंधीवरून घर ओळखायची पद्धत पडली. तेव्हा पऱ्हाटीवर गावाच्या चुली पेटत. आता घरोघरी सिलिंडर आले. पऱ्हाट्या मात्र तेवढ्याच उगवतात. रानात जाळाव्या तर कृषी खाते नको म्हणते. तेव्हा त्या नाल्याच्या कडेला "तात्पुरत्या" ठेवायच्या, असा रिवाज पडला. तात्पुरत्या ठेवलेल्या मोळ्या पहिल्या पावसात आपापल्या निघून जातात आणि ठेवणाऱ्याला परत विचारायला येत नाहीत. याहून स्वच्छ व्यवस्था शोधून सापडणार नाही.

समितीने दरखास्तीवर बैठक बोलावली आणि सोनाबाईलाही बोलावले.

"सोनावहिनी," सुधाकरराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "यंदा एल निनो हाय. पाऊसच कमी पडनार हाय. मंग मोरी साफ करून काय करता?"

"मागच्या दोन वर्सी एल निनो व्हता का जी?"

"नाई. तवा दुसरं होतं."

"मंग दोन वर्सी रान बुडलं ते दुसऱ्यानं, अन् यंदा बुडलं तर एल निनोनं. मोरीत पऱ्हाट्या तर दरवर्सी त्याच हायेत न भाऊजी!"

"तुमाले डोळ्याले दिसते तो परिणाम हाय, वहिनी. कारण दिसत नसते. कारण समुद्रात हाय."

"बरं. मंग कारण राहू द्या तिकडंच," सोनाबाई म्हणाली. "परिणाम तेवढा काढा."

दादाजी खोकले. मग सोनाबाईने असा प्रश्न विचारला जो समितीच्या एकाही सदस्याला आजवर सुचला नव्हता: "सोळा हजार किलोमीटरवरचं गरम पानी आमच्या पावसापर्यंत येते तरी कसं? रस्त्यात काय हाय?"

अध्यक्षांनी नीलिमा मॅडमना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून टेबलावर ठेवला. मॅडमनी पुन्हा, न कंटाळता, समजावले. समुद्र तापला की वरची हवा तापते आणि तिथे ढगांचे मोठे कारखाने सुरू होतात. डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याच्या नद्या वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. खालच्या उष्णतेने या नद्यांची वळणे सरकतात. वळण सरकले की वादळे वेगळ्या वाटेने जातात. कुठे पाऊस वाढतो, कुठे आटतो. आपल्याकडे पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहतो, तोही अशा वर्षी मंदावतो. "पण सर," मॅडम म्हणाल्या, "बंगालच्या खाडीतून एखादा कमी दाबाचा पट्टा आला की दोन दिवस धो धो लागतोच. सत्त्याण्णव साली एल निनो एवढा जोरात असूनही देशात पाऊस बरा झाला होता. म्हणून म्हणते, ती मोरी..."

इथे अध्यक्षांनी आभार मानून फोन ठेवला. त्यांचे डोळे चमकत होते. कारण नुसते लांब नव्हते, ते उंचही होते! त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. पंचायतीच्या हद्दीतील सर्वांत उंच वस्तू पाण्याची टाकी असून तिची उंची चौदा मीटर आहे. जेट प्रवाह तिच्याहून बराच वर वाहत असल्याने तो पंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. सबब मोरीबाबत पंचायतीला काही करता येत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. मॅडमच्या फोनची नोंद कार्यवृत्तात अशी आहे: "कृषी अधिकाऱ्यांनी समितीच्या कार्याबद्दल समाधान व्यक्त केले."

सोनाबाई उठली. दारात थांबून म्हणाली, "मी माह्या हातानं काढू का मंग?"

"तसं नाई करता येत," भगवानराव घाईने म्हणाले. "मोरी आता मिसलीवर, सरकारी कागदावर, आली न! पुरावा हाय तो. पुराव्याले हात लावाचा नसते."

दुसऱ्या दिवशी मोरीवर पाटी लागली: "ही मोरी नैसर्गिक आपत्तीचा पुरावा आहे. समितीच्या परवानगीशिवाय हात लावू नये." सोनाबाईच्या दरखास्तीची नक्कल तहसीलला गेली. तहसीलने विषय समुद्राचा दिसल्याने ती मत्स्य विभागाकडे पाठवली, आणि मत्स्य विभागाने सदर समुद्रात मासेमारीचा परवाना कोणाकडे आहे अशी विचारणा केली. कागद नीट फिरत होता. कोणाचीच तक्रार नव्हती.

पेरणी झाली. सोनाबाईनेही सरकी टोबली, एकेक बी हाताने रोवून. बोटभर रोपे वर आली, चार पानांवर आली. ती रोज सकाळी फळ्यापुढून रानात जाई आणि फळ्याकडे न बघता जाई. सुधाकररावांना हे लागत असे, पण शास्त्राच्या मार्गात असे होणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, बंगालच्या खाडीतून पाऊस आला. तो फळ्यावर "पर्जन्यमान कमी राहील" असे लिहिलेले असताना आला, म्हणजे पूर्णपणे नियमबाह्य होता. सोमवारी लागला, मंगळवारीही लागूनच राहिला, आणि मंगळवारी दुपारपर्यंत त्याने फळ्यावरचा प्रशांत महासागर पुसून टाकला. समितीने तातडीने बैठक घेऊन स्पष्ट केले की हा पाऊस एल निनोचा नसून एल निनोला न जुमानता पडलेला आहे, आणि त्यास समिती जबाबदार नाही.

बुधवारी सकाळी उघडले. सुधाकरराव छत्री घेऊन नाल्याकडे निघाले. पाऊस नव्हता, पण अध्यक्षांनी रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही. रस्त्यावर पोचून पाहतात तो सोनाबाईच्या रानाचे तळे झालेले. रोपांचे शेंडे कुठे कुठे पाण्यावर दिसत होते. आणि सोनाबाई कमरेइतक्या पाण्यात, पदर खोचून, मोरीच्या तोंडाशी उभी राहून मोळ्या ओढत होती. पाटी तिने काढून काठावर नीट ठेवली होती, वर एक दगड ठेवून.

"वहिनी, हे बरोबर नाई," सुधाकरराव वरून म्हणाले. "पुरावा नष्ट करून राह्यल्या तुमी."

"नष्ट काऊन करीन?" सोनाबाई म्हणाली. "सांभाळून ठेवून राह्यली न. पाहा तिकडं."

रस्त्याच्या कडेला बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते. त्यावर सात-आठ चिंध्या वाळत घातलेल्या होत्या, एकीशेजारी एक, हळदीकुंकवाला मांडाव्या तशा व्यवस्थित. पहिली जांभळी, पांढऱ्या बुट्ट्यांची.

"ती माही," सोनाबाई म्हणाली. "माह्या सहा मोळ्या निंगल्या. मीच ठेवल्या होत्या काठावर, तात्पुरत्या. तीन वर्साची मी समुद्राले नाई तर सरकारले बोलून राह्यली, अन् सहा माह्याच हायेत. आता बाकीच्या पाहून राह्यली."

सुधाकररावांनी दुसऱ्या चिंधीकडे पाहिले. गुलाबी, भगवानरावांच्या घरची. तिसरी विमलबाईंची. चौथीवर त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. मोरपंखी रंग, काठाला पिवळी कोयरी. ही साडी त्यांनी स्वतः आदिलाबादहून आणली होती, सरपंच झाले त्या वर्षी. कुसुमबाई ती नेसून शपथविधीला आल्या होत्या. त्यांना लाज वाटली, आणि ती किती वाटली हे लिहायला समितीच्या कार्यवृत्तात रकाना नाही.

त्यांनी इकडे तिकडे पाहिले, चिंधी काट्यातून अलगद सोडवली आणि खिशात घातली.

"एक नेऊन काय होते, भाऊजी," खालून आवाज आला. "आत अजून लय दिसून राह्यल्या. मोरपंखी रंग पान्यात बी चमकते."

मागल्या चैत्रात सुधाकररावांच्या रानातून शंभरावर मोळ्या निघाल्या होत्या. त्यांनी एकदा गावाकडे पाहिले. बायका रानाच्या वाटेला लागायची वेळ झाली होती. मग अध्यक्षांनी छत्री बाभळीला अडकवली, धोतर वर खोचले आणि ते पाण्यात उतरले. ते मोरी साफ करायला उतरले नव्हते, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. ते फक्त आपल्या चिंध्या काढायला उतरले होते. पण मोरपंखी मोळी गुलाबी मोळीखाली अडकलेली असे आणि गुलाबी मोळी हिरवीखाली, त्यामुळे त्यांना नाइलाजाने इतरांच्याही काढाव्या लागल्या.

अर्ध्या तासात चंपाबाई तिथून गेल्या. त्यांनी कुंपण पाहिले. चिंध्यांतली एक लिंबू रंगाची होती. चंपाबाई माघारी फिरल्या आणि दहा मिनिटांत नवऱ्याला घेऊन आल्या. वाघधऱ्यातल्या बायका एकमेकींच्या साड्या नावानिशी ओळखतात. कोणती साडी कोणत्या लग्नात घेतली, कोणत्या बाळंतपणात आली, कोणत्या भाऊबीजेला भावाने हलकी दिली, हे सगळे त्यांना पाठ असते. तेव्हा बातमीला फळा लागला नाही. नऊ वाजता भगवानराव आले आणि "मी सहज पाहाले आलो" असे म्हणत थेट पाण्यात उतरले. दहाला विमलबाई, त्यांचे दीर, त्यांचे जावई. दादाजींना पाण्यात उतरवेना. ते काठावर खुर्ची टाकून बसले आणि आपल्या घरची चिंधी निघाली की तिच्यावर बसून घेऊ लागले.

बारा वाजेपर्यंत अख्खे गाव नाल्यात होते. प्रत्येक जण आपला पुरावा काढत होता आणि दुसऱ्याचा बाजूला सारत होता. कुसुमबाई आल्या तेव्हा सुधाकरराव मोरपंखी चिंध्यांचा बोळा बंडीच्या आत कोंबत होते.

"अहो," त्या रस्त्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या माहेरच्या लोकाईनं पाठवल्या का ह्या मोळ्या?"

"चूप राह्य," सुधाकरराव म्हणाले. "तपास चालू हाय."

"माहीच साडी हाय, मीच फाडली. अन् आठ दिवस तुमाले बिनमिठाचं पिठलं चारलं. मले वाटलं माह्या माहेराले उगाच नाव ठेवलं म्हून. आता वाटते, सोळा दिवस चाराले पाह्यजन होतं." एवढे बोलून त्यांनी पदर खोचला आणि त्याही उतरल्या.

दुपारी तीनच्या सुमारास मधल्या नळीतून एक मोठा हुंकार आला, शेवटचा गठ्ठा सुटला आणि पाणी पलीकडे धावले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रत्येक जण आपली चिंधी मोजत होता. सोनाबाई मात्र रानाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तळे हळूहळू आटत होते, चिखलातून रोपांची पाने एकेक करून बाहेर येत होती, काही लोळलेली, काही उभी. सव्वादोन एकर वाचेल असा तिने अंदाज केला. ती तिथेच खाली बसली आणि जरा वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "यंदा नाई जात मी इचोड्याले." ती हे कोणालाच उद्देशून म्हणाली नव्हती, पण सुधाकररावांनी ऐकले. त्यांनी खिशात हात घातला. खिशातली मोरपंखी चिंधी त्यांनी जाऊन कुंपणावर, जिथून काढली होती तिथे, परत लावली.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली आणि त्यात प्रशांत महासागराने वेळेवर दिलेल्या सहकार्याबद्दल आभाराचा ठराव मंजूर झाला. फळा अजून आहे. तापमान अजूनही रोज लिहिले जाते, आणि खरे सांगायचे तर आता जरा समजूनही वाचले जाते, फक्त खाली एक ओळ वाढली आहे, ती सोनाबाई लिहिते: "पऱ्हाट्या नाल्यात ठेवू नये." मोरीतून एकूण तीनशे सत्त्याऐंशी मोळ्या निघाल्या. गावात घरे त्र्याऐंशी. ज्याची चिंधी निघाली नाही असे घर एकही नव्हते.

तीनशे शहाऐंशी मोळ्यांचे मालक सापडले. एका मोळीचा सापडला नाही. तिची चिंधी गावातल्या बायकांनी उलटून पालटून पाहिली, वरच्या गावांतल्या सुनांनीही पाहिली. अशी साडी या भागात कोणी नेसत नाही, असे त्यांचे मत पडले. कापड चांगल्यापैकी आहे, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही, आणि चंपाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्याला जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा वास येतो. समितीने ते फार लांबून आले असावे असा निष्कर्ष काढला होता. सोनाबाईने तो खोडला. तिच्या मते इतक्या लांबून काहीच येत नाही. ती चिंधी अजून बाभळीच्या कुंपणावर आहे. वाघधऱ्याच्या लोकांना तुम्ही इतका वेळ हसलातच आहात, तर एकदा येऊन तेवढी पाहून जा. घरून निघताना मात्र कपाटातल्या साड्या मोजून या.